झाकला पंख सव्वा लाखाचा

अर्धवट बांधलेलं विमान विकायला निघालं की जाहिरातीत एक वाक्य हटकून असतं : ‘नव्वद टक्के काम पूर्ण.’ घरच्या घरी विमान बांधणाऱ्या इथल्या मंडळींत त्यावर एक जुना विनोद आहे. नव्वद टक्के झालं, म्हणजे आता नव्वदच टक्के उरलं. विनोद ऐकून हसायचं आणि सोडून द्यायचं. पण घेणारा ते वाक्य खरं धरून खिशात हात घालायला लागतो, तेव्हा कोणीतरी त्याला माझा नंबर देतं.

मी ओहायोत राहतो. मुंबईत सांताक्रूझच्या हँगरमध्ये पत्रेकाम शिकलो, पुढे इथे येऊन ए अँड पी, म्हणजे एअरफ्रेम आणि पॉवरप्लांट मेकॅनिकचं लायसन्स काढलं आणि नोकरी मोठ्या विमानांच्या दुरुस्तीत केली. लहान विमानांचा नाद सुट्टीच्या दिवसांतला. एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही घरी विमानं बांधणाऱ्यांची संघटना पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकीत सुरू केली. सगळे तिला ईएए म्हणतात. तिच्या गावोगावच्या शाखांमध्ये ‘टेक्निकल कौन्सेलर’ नावाची जाणती माणसं असतात. बांधणाऱ्याच्या गॅरेजमध्ये जायचं, काम बघायचं, चुकत असेल तिथे सांगायचं आणि पैसे घ्यायचे नाहीत, एवढंच त्यांचं काम. मी त्यांच्यातला एक. अलीकडे बांधणाऱ्यांइतकेच घेणारेही बोलावतात, कारण सुरू होणारी किटं पुष्कळ आणि उडणारी त्या मानाने थोडी. मूल होतं, बदली होते, घटस्फोट होतो, वैमानिकाची वैद्यकीय तपासणी नापास होते, किंवा नुसता कंटाळा येतो. मग गॅरेजमधल्या पंखांवर नाताळचं सामान चढतं आणि एक दिवस जाहिरात येते.

परवा असाच फोन आला तो पुण्याच्या एका मुलाचा. डेट्रॉइटकडे मोटारींच्या धंद्यात इंजिनीअर आहे आणि खाजगी वैमानिकाचं लायसन्स नुकतंच हातात पडलेलं.

“काका, आरव्ही-सात आहे. पश्चिम मिशिगनमध्ये. शेपूट तयार, उजवा पंख बंद झालाय, डावा थोडा राहिलाय, फ्यूजलाज निम्मं. इंजिनही देतायत. किंमत बघितलीत तर उडालच!”

“मी उडणार नाही रे,” म्हटलं, “तू उडणार आहेस. डावा पंख किती उघडा आहे?”

“उघडा म्हणजे खालची स्किन लागायची बाकी आहे. पण उजवा पूर्ण आहे, काका.”

त्याला उजव्याचं कौतुक, मला डाव्याचं. हा फरक मी दरवेळी समजावून सांगतो आणि दरवेळी समोरचा नाराज होतो. बाजारात ‘पंख बंद झाले’ म्हटलं की किंमत चढते. माझ्या मते ती उतरायला हवी. अर्धवट विमानाचा एकमेव मोठा गुण हा की त्याच्या पोटात बघता येतं. तयार विमान घेणाऱ्याला ते भाग्य नसतं. इमारतीचं प्लास्टर होण्याआधी सळई बघता आली तर कोण सोडेल? इथे तर लोक प्लास्टर झाल्याबद्दल वर पैसे मोजतात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती विकणाऱ्याच्या बाजूने. घेणाऱ्याने मूठ उघडूनच घ्यावी.

ज्यांना या किटांची कल्पना नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आरव्ही मालिका ऑरेगन राज्यातल्या ऑरोरा गावच्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीची. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन या इंजिनीअरने ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काढली आणि आजवर या मालिकेतली अकरा हजारांहून जास्त विमानं लोकांनी बांधून उडवली आहेत. आरव्ही-७ दोन आसनी आणि संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं. पंखांचा विस्तार पंचवीस फूट. किट चार हप्त्यांत येतं. आधी शेपूट, मग पंख, मग फ्यूजलाज म्हणजे धड, शेवटी चाकं-काच-काउलिंगचा ‘फिनिशिंग’ संच. कंपनीतून पत्रे कापून, वाकवून, भोकं पाडून येतात. बाकीचं घरी : भोक नेमक्या मापाला आणायचं, कडेची बर (कापताना उरलेली धारदार किनार) काढायची, डिंपल (रिव्हेटचं डोकं बसावं म्हणून भोकाभोवती खळगा) मारायचा, प्रायमर लावायचा, रिव्हेट मारायची. हजारो रिव्हेटं. दीड-दोन हजार तास म्हणतात, आणि संध्याकाळी जेवण झाल्यावर गॅरेजमध्ये उतरणाऱ्या माणसाचे ते तास असतात.

निघण्यापूर्वी मी त्याला काही गोष्टी विचारून ठेवायला सांगितल्या. किट कोणत्या साली आलं, पॅकिंग स्लिपा आहेत का, बांधणीची वही आणि फोटो आहेत का, कोणाकडून पैसे देऊन काम करून घेतलंय का. सालाला फार महत्त्व आहे. २०२२-२३ च्या सुमारास विकल्या गेलेल्या काही किटांमध्ये भोकं लेसरने कापलेली होती, आणि डिंपल मारताना अशा भोकांना तडे जाऊ शकतात हे पुढे कंपनीनेच जाहीर केलं. बदली भागांचा बोजा आणि इतर आर्थिक अडचणी साचून डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरी कायद्याचं संरक्षण मागावं लागलं. पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेर आली. त्या काळातलं किट असेल तर कोणते भाग बदलले याचा कागद मागायचा. आमचं किट त्याच्या पुष्कळ आधीचं होतं, त्यामुळे ती चिंता नव्हती. कंपनी चालू आहे हेच मोठं. १९७० च्या दशकात जिम बीड यांच्या बीडी-५ ची किटं हजारोंनी खपली, इंजिनं वेळेवर आली नाहीत, कंपनी बुडाली आणि कितीतरी विमानं खोक्यातच राहिली. पोरक्या किटाचं एक ब्रॅकेट मिळवायचं तरी जन्म जातो. स्वस्तात मिळालं म्हणून ते घेऊ नये.

मिशिगनमधले गृहस्थ निवृत्त टूल अँड डाय मेकर निघाले. वय सत्तरीच्या पुढे, बोलणं कमी, हात अजून स्थिर. गॅरेज गरम केलेलं, लेथच्या बाजूला पंख ठेवायची घोडी. मी आधी जमीन आणि कोपरे बघतो. लोकांना वाटतं विमान बघायचं सोडून हा काय करतोय. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तेच मिठाचं पाणी गाडीखालून गॅरेजभर ठिबकतं, आणि गाडीशेजारी पंख उभा असेल तर खालच्या कडेला पांढरी भुकटी धरते. उंदरांचंही तसंच. उंदराचं मूत अ‍ॅल्युमिनियम खातं. पंखाच्या टोकाला गवताचं घरटं सापडलं तर आत मूतही असणार हे धरून चालायचं. इथे गाडी बाहेर उभी होती आणि कोपऱ्यात पिंजरा. दोन्ही गोष्टी मला आवडल्या.

पत्र्यावर कारखान्यातून एक निळी प्लॅस्टिकची फिल्म येते, ओरखडे पडू नयेत म्हणून. ती वर्षानुवर्षं तशीच ठेवली की तिच्याखाली ओल धरते. टेक्सासच्या आखाती किनाऱ्यावर एका गॅरेजमध्ये मी ती सोलून काढली तेव्हा खाली बारीक बारीक सुरवंटासारख्या रेषा पत्रा पोखरत गेलेल्या दिसल्या. विकणारा म्हणत होता, “बघा, फिल्मसुद्धा काढलेली नाही, अगदी नवं.” त्या किटाचे पत्रे मी भंगारात धरले. इथे डाव्या पंखाच्या उरलेल्या स्किन्स फिल्म काढून, तेलकट कागदात गुंडाळून उभ्या ठेवल्या होत्या. पुण्याचा पोरगा एव्हाना कॉकपिटच्या जागी बसून हँडल धरल्यासारखा हात करून बघत होता. त्याला बसू दिलं. प्रत्येकजण ते करतोच.

मग रिव्हेट. रिव्हेट वाचायला फार वेळ लागतो, आणि घाई करून चालत नाही. बॅटरी पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरपी धरायची, म्हणजे रांगेतला एकेक खड्डा सावलीसकट दिसतो. रिव्हेट गन घसरली की डोक्याच्या कडेला चंद्रकोरीसारखी खूण पडते, तिला ‘स्माइली’ म्हणतात. ती दिसायला वाईट पण बहुतेक वेळा निरुपद्रवी. खरं काम आतल्या बाजूला, बकिंग बारने (आतून टेकवलेल्या लोखंडी ठोकळ्याने) जे डोकं तयार होतं तिथे. ते डोकं रिव्हेटच्या दांड्याच्या दीडपट रुंद आणि दांड्याच्या निम्म्या जाडीइतकं उंच हवं. आठव्या इंचाच्या, म्हणजे ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटला सुमारे ४.८ रुंदी आणि १.६ उंची. माझ्याकडे त्यासाठी पातळ गेज आहे, पण हँगरमध्ये घासलेल्या डोळ्याला ते फार क्वचित लागतं. डोकं एका बाजूला कललेलं असेल तर बार तिरका धरला होता. फारच चपटं असेल तर जोर जास्त झाला आणि पत्रा ताणला गेला. दोन पत्र्यांच्या मध्ये फट असेल तर रिव्हेट आतच फुगलं आहे आणि ते काढायलाच हवं.

यापेक्षाही मी घाबरतो ते आठच्या आकड्याच्या भोकाला. वाईट रिव्हेट काढायला जाताना ड्रिल सरकलं की भोकाशेजारी दुसरं भोक, दोन्ही मिळून इंग्रजी आठ. नवशिका एक कललेलं रिव्हेट सहन न होऊन ते काढतो, भोक मोठं होतं, मग त्यात ‘ऊप्स रिव्हेट’ (म्हणजे जाड दांड्याचं, लहान डोक्याचं) बसवतो, तेही नीट बसत नाही. किंचित कमी ठोकलेलं रिव्हेट तसंच ठेवणं बरं, हे शिकायला माणसाला काही हजार रिव्हेटं मारावी लागतात. भोक कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट तरी आत हवं. त्यापेक्षा कडेला सरकलेलं भोक म्हणजे तडा जिथून निघणार त्याची आगाऊ सूचना. आणि कड. प्रत्येक रिबच्या, म्हणजे पंखातल्या फासळीच्या, कडेवरून मी अंगठा फिरवतो. बर राहिली असेल तर अंगठा सांगतो, आणि कधी रक्तही काढतो. डावा पंख उघडा होता म्हणून हे सगळं करता आलं. कडा गुळगुळीत, प्रायमर पातळ आणि सारखा, मुख्य स्पारवरचं, म्हणजे पंखाच्या कण्यावरचं, सोनेरी अ‍ॅनोडायझिंग कुठे खरवडलेलं नाही. डाव्या पंखात मला बोट ठेवायला जागा सापडली नाही, असं मला सहसा म्हणता येत नाही.

शेपटीचं मात्र तसं नव्हतं. शेपूट हा किटाचा पहिला हप्ता, म्हणजे माणसाने आयुष्यातलं पहिलं रिव्हेट तिथे मारलेलं असतं. सगळं विमान चांगलं आणि शेपूट वाईट हे मी इतक्या वेळा बघितलंय की शेपटीवरून माणूस ठरवत नाही. रडरच्या मागच्या कडेवरून एक डोळा मिटून बघितलं तर कड मध्ये आकड्यासारखी वाकलेली. एलेव्हेटरच्या कोपऱ्यात रिव्हेटांची रांग डगमगलेली. शिवाय एक जुनी गोष्ट होती. २०१४ मध्ये कंपनीने आरव्ही-६, ७ आणि ८ च्या आडव्या शेपटीच्या पुढच्या स्पारला मधोमध तडे जाऊ शकतात म्हणून सर्व्हिस बुलेटिन काढलं. त्याआधी बांधलेल्या शेपटीत तपासणी करायची, आणि मजबुतीचे पत्रे बसवायचे असतील तर झालेली रिव्हेटं काढून आत शिरायचं. हे शेपूट त्याआधीचं. माझा हिशेब लगेच झाला : शेपटीचा संच नवा घ्यायचा.

उजव्या पंखाशी आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. बंद पंखात शिरायच्या जागा म्हणजे तपासणीची झाकणं, एलेरॉनच्या दांड्याची भोकं आणि टोक. बोअरस्कोपची, म्हणजे टोकाला कॅमेरा असलेली, नळी आत सोडली. दिसतं ते सगळं ठीक, पण बोअरस्कोप दाखवतो तेवढंच दिसतं, आणि रिबच्या पलीकडची बाजू तो दाखवत नाही. पिटो नळीचं (हवेतला वेग मोजणाऱ्या नळीचं) ब्रॅकेट आणि दिव्यांच्या वायरींची पाइप आत घालून ठेवलीये की त्याशिवायच पंख बंद करून टाकलाय हेही नीट कळेना. मी काही बोललो नाही. विकणाऱ्याच्या समोर मी निकाल कधीच सांगत नाही. त्या माणसाच्या कितीतरी संध्याकाळी त्या पत्र्यात गेलेल्या असतात, आणि परक्याने येऊन त्यावर नाक मुरडणं हे मेकॅनिकच्या धर्मात बसत नाही. दोष सांगायचा तो गाडीत बसल्यावर, घेणाऱ्याला.

पण त्या गृहस्थांनीच विषय काढला. म्हणाले, “उजव्यात दिसत नाही ना? थांबा.” आणि घरातून एक जाड वही घेऊन आले. कारखान्यातली सवय. प्रत्येक पान एका रिबचं किंवा एका स्किनचं, पेन्सिलीने काढलेलं रेखाचित्र, त्यावर प्रत्येक भोक. जिथे रिव्हेट कललं तिथे निळं टिंब. जिथे भोक मोठं झालं तिथे लाल, आणि शेजारी कंपनीला विचारल्याची तारीख आणि मिळालेलं उत्तर. उजव्या पंखाच्या मागच्या स्पारवर दोन लाल टिंबं होती. वायरींची पाइप घातल्याचंही एका पानावर होतं, मापासकट. शेपटीच्या पानावर त्यांनी स्वतःच लिहिलं होतं : ‘पहिलं काम. पुन्हा करणे.’

ती लाल टिंबं जिथे होती तिथे मी झाकणातून आरसा घालून बघितलं. दोन्ही भोकं त्यांनी लिहिल्याप्रमाणेच होती. म्हणजे वही खरी. बाकीच्या पानांवर विश्वास ठेवायला मला एवढं पुरलं. फोटो नव्हते, पण ही वही फोटोंपेक्षा सरस होती, कारण फोटो काढणारा चांगलं दिसेल तेच काढतो. बंद पंखाचा माझा नियम मी तिथे सैल केला.

पंखाच्या पुढच्या बाजूला इंधनाच्या टाक्या. काळ्या, चिकट सीलंटचं काम. ते कधीही कोणाच्याही हातून स्वच्छ होत नाही. टाकी बंद करून वरच्या तोंडाला फुगा बांधायचा, किंचित हवा भरायची आणि दुसऱ्या दिवशी फुगा तसाच आहे का बघायचं. मी आधीच सांगून ठेवलं होतं. फुगा ताठ होता. काही जुन्या टाक्यांमध्ये गळती थांबवायला आतून पातळ लेप ओतलेला असतो. पुढे त्याचे पापुद्रे सुटतात आणि इंधनाची जाळी बुजवतात. बोअरस्कोपने आत बघितलं, लेप नव्हता.

इंजिनावर आमचं बोलणं लांबलं. लायकमिंगचं ओ-३६०, १८० अश्वशक्तीचं, ओव्हरहॉल करून आणलेलं, लॉगबुकात ‘ओव्हरहॉलनंतर शून्य तास’. मुलाला ते शून्य फार आवडलं. शून्य तास हे चालवल्याचं माप, उभं राहिल्याचं नाही. लायकमिंग बारा वर्षांची मुदतही सांगते, आणि हे इंजिन त्या मुदतीच्या पलीकडे गेलं होतं. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसतो. इंजिन न चालता उभं राहिलं की तेल खाली उतरतं, कॅम कोरडा पडतो आणि हवेतली ओल त्यावर गंजाचे खड्डे पाडते. तसंच सुरू केलं तर कॅम आणि टॅपेट एकमेकांना खातात आणि थोड्या तासांतच फिल्टरमध्ये लोखंडाचा कीस दिसतो. टिकवून ठेवायचं असेल तर गंजरोधक तेल आणि स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेलच्या कुप्या लावतात, निळ्या, ओल शोषली की गुलाबी होणाऱ्या. इथे साधे प्लग होते. आत बघायचं तर एक सिलिंडर काढावा लागतो. गृहस्थ म्हणाले, “काढायला माझी हरकत नाही, पण मीही तुमच्यासारखाच अंदाज करतोय.” म्हटलं, काढू नका. मनातल्या मनात हे इंजिन पुन्हा उघडायचंच असं धरलं, म्हणजे त्याची किंमत जुन्या सुट्या इंजिनाची.

पॅनलमधली उपकरणं मी बघितलीसुद्धा नाहीत. दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला जीपीएस आणि गायरो फुकट मिळाले तर घ्यावेत, त्यांना पैसे मोजू नयेत. फायबरग्लासच्या किटांबद्दलही कोणी विचारलं तर मी हात जोडतो. तिथे नाणं ठोकून आवाज ऐकणारी वेगळी विद्या लागते. ती माझी नाही, त्यांनी त्या विद्येचा माणूस बोलवावा.

परतताना गाडीत कागदांचं बोलणं झालं. इथल्या विमान खात्याचा, म्हणजे एफएएचा, नियम म्हणतो की हौशी बांधणीच्या विमानाचा मोठा भाग, लोक त्याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात, हौशी माणसांनी स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी बांधलेला हवा. तो माणूस एकच असायला हवा असं नाही. आधीच्या हौशी माणसाचं काम मोजलं जातं, पण पैसे देऊन करून घेतलेलं काम त्या ५१ मध्ये धरत नाहीत. म्हणून वही, फोटो आणि पावत्या पत्र्याइतक्याच मौल्यवान. शिवाय मुख्य बांधणाऱ्याला ‘रिपेअरमन सर्टिफिकेट’ मिळू शकतं, आणि मग दरवर्षीची कंडिशन तपासणी तो स्वतः करू शकतो. दुसऱ्याने सुरू केलेलं विमान पूर्ण करणाऱ्यालाही ते मिळू शकतं, पण त्याने एफएएच्या माणसाला पटवून द्यायला हवं की बांधणारा मुख्यतः तोच आणि त्याला विमानाची नस माहीत आहे. फार पूर्ण झालेलं विमान घेतलं तर हा हक्क निसटायची शक्यता वाढते, आणि मग दरवर्षी माझ्यासारख्याला पैसे द्यावे लागू शकतात. उघडा पंख घेण्याचं आणखी एक कारण.

पोरगा म्हणाला, “काका, कांदिवलीला गच्चीवर विमान बांधलं त्या कॅप्टन अमोल यादवांनाही कागदांचाच त्रास झाला ना?” झाला. त्यांचं सहा आसनी विमान २०१६ च्या फेब्रुवारीत बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात सगळ्यांनी पाहिलं, आणि नोंदणी मिळाली २०१७ मध्ये. तिथे विमान होतं आणि त्यासाठी चौकट नव्हती. इथे चौकट पक्की आहे, म्हणून चौकटीत न बसणारं विमान घेणाऱ्याला सबब सांगायला जागाच नाही. विक्रीखत विकणाऱ्यापर्यंतचं सलग हवं, किट कंपनीच्या दफ्तरात नव्या नावावर करून घ्यायचं. त्याने तिथेच फोनवर नोंद केली.

हिशेब साधा होता. नव्या किटाची आजची किंमत धरायची. त्यातून शेपटीचा संच वजा, उजव्या पंखातल्या दोन भोकांसाठी काही नाही, आणि इंजिन घ्यायचं तर त्याचे जुन्या सुट्या इंजिनाएवढेच पैसे. झालेल्या कामाचे, म्हणजे त्या गृहस्थांच्या तासांचे पैसे नाहीत. या बाजारात तास फुकट जातात, हे कडू आहे पण खरं आहे. तरी मी त्याला एका गोष्टीचे पैसे धरायला सांगितले : वहीचे. ती नसती तर मी उजव्या पंखाची खालची स्किन काढून बघण्याचा खर्च वजा केला असता. ती असल्याने तो वाचला, आणि वाचलेले पैसे ज्याने वाचवले त्याला जायला हवेत. आकडा ऐकून गृहस्थांनी दोन दिवस मागितले आणि मग थोडा वर सांगितला. पोरग्याने तो मान्य केला. पंख आणि फ्यूजलाज भाड्याच्या सव्वीस फुटी ट्रकमधून डेट्रॉइटला आले. इंजिन त्याने घेतलं नाही.

तुमच्यापैकी कोणी इथे अर्धवट किट बघायला जाणार असेल, तर ‘किती टक्के झालं’ हे विचारू नका. कोणता भाग अजून उघडा आहे आणि जो बंद आहे त्याच्या आतलं काय लिहून ठेवलंय, एवढं विचारा. आणि जाण्याआधी जवळच्या ईएए शाखेला फोन करून टेक्निकल कौन्सेलर मागा. तो पैसे घेत नाही.